आमेनची झील

भिंतीपलीकडून पुन्हा हसण्याचा आवाज आला, आणि इमोजीनने धुवायला घेतलेली कोलार्डच्या पालेभाजीची पानं सिंकमध्येच राहिली. तिने नळ बंद केला आणि कान दिला.

हसणं कसलं, घरघर होती ती. थंडीत जुनी गाडी सुरू होता होता राहावी तशी. पण नवऱ्याचं हसणं ओळखायला बायकोला आवाज लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी ओथेलच्या स्वरतंतूवरची गाठ काढली. गाठ वाईट नव्हती, देवाची कृपा. पण जाताना ती गळा घेऊन गेली. ज्या गळ्याने न्यू सायलोम बाप्टिस्ट चर्चची तावदानं थरथरायची, त्यातून आता खरखरीत कुजबुज तेवढी यायची, तीही दोन-चार वाक्यांपुरती. तेव्हापासून रेव्हरंड ओथेल ग्रिसम हसला नव्हता. निदान तिच्यासमोर तरी नाही.

आणि आता रोज दुपारी हा माणूस वाचायच्या खोलीचं दार लावून कोणाशी तरी हसत होता.

तिने हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, दारावर टकटक केली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. ओथेलने फोन पालथा घातला. बायबलवरच घातला.

"कोण होतं?"

त्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

"बरं सोयीचं दुखणं मिळालंय तुला," ती म्हणाली. "हसताना नाही दुखत तो?"

ओथेलने खांदे उडवले आणि खिडकीबाहेर बघू लागला. पेकानच्या झाडाखाली खारी धावत होत्या. ऑक्टोबर लागला होता, आणि पाइन ब्लफ गावात अजून हवा अंगाला चिकटत होती. इमोजीन स्वयंपाकघरात परत आली. पानं पुन्हा धुतली. धुतलेली आहेत हे विसरून आणखी एकदा धुतली.

ओथेलचा उपदेश ज्याने ऐकला नाही त्याला हे दुःख सांगून कळायचं नाही. तो सुरुवात साधी करायचा, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तशी. मग वाक्यं आखूड व्हायची, श्वास ऐकू यायला लागायचा, आणि कधी ते कोणाला कळायचं नाही पण बोलण्याचं गाणं झालेलं असायचं. ऑर्गनवर बसलेला क्विन्सी तो सूर खालून झेलायचा. आणि डाव्या हाताच्या बाकांवरून, जिथे डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी मंडळी बसतात त्या आमेनच्या कोपऱ्यातून, प्रत्येक ओळीला झील उठायची: "सांगा, पास्टर", "तसंच आहे", "आमेन". बुवांच्या मागे उभे राहून धृपद उचलणारे असतात ना, तेच काम. ते नसले तर बुवा एकटाच ओरडतो आणि कीर्तन होत नाही.

इमोजीन त्या कोपऱ्यात नव्हती. ती दुसऱ्या बाकावर, टोपी घालून, अंत्यविधीच्या दुकानाने जाहिरातीसाठी वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा हलवत बसायची. पास्टरची बायको म्हणून सगळ्या चर्चची फर्स्ट लेडी. पण आमेन तिच्या तोंडून क्वचित निघायचा. लोक म्हणायचे, सिस्टर ग्रिसम कंजूष आहेत. तिने आधी त्या आवाजाशी लग्न केलं होतं, आतला माणूस नंतर सावकाश कळला, आणि दोन्ही आवडले. पण उगाच आमेन म्हणणं तिला जमत नसे.

तो आवाज आता घरात नव्हता. त्याच्या जागी होता चॅटबॉट.

त्यांची मुलगी रोशेल डॅलसहून आली तेव्हा दोघांच्या फोनमध्ये घालून गेली होती. "डॅडी, बोलता येत नाही तर लिहून विचारा. काहीही विचारा." आणि डॅडीने शब्दशः ऐकलं. टायवरचा ग्रेव्हीचा डाग कसा काढायचा? फोन. गुडघ्याला शेक गरम द्यायचा की थंड? फोन. प्लंबरला कडक पण ख्रिस्ती माणसाला शोभेल असा निरोप काय लिहायचा? फोन. चाळीसहून जास्त वर्षं या घरात "जीन, माझं अमुक कुठंय, जीन, तमुक कसं करू" एवढंच ऐकू यायचं, आणि त्या हाकांचा तिला वैताग यायचा. आता कोणी हाक मारत नव्हतं, तर हात रिकामे वाटत होते.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. पडद्यावर कोलार्डची भाजी करायची रीत होती.

तिने चष्मा लावून वाचली. "सात मिनिटं परतायची?"

त्याने मान हलवली. डोळ्यांत थोडी चमक होती.

"सात मिनिटांत यातली माती निघत नाही, ओथेल. याला शिकवलं कोणत्या आईने?"

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही, जेवत राहिला. दाराआड हसतो आणि माझ्यासमोर जेवतो, तिच्या मनात आलं, आणि ते मनातून गेलं नाही.

सोमवारी डीकन टॉलिव्हर आले. हर्शेल टॉलिव्हर म्हणजे आमेनच्या कोपऱ्याचे म्होरके; उंच, कायम काळा सूट घालणारे, वाईट बातमीसुद्धा केकबरोबर आणणारे. आजही आणला होता, रताळ्याचा.

"रेव्हरंड पडलेत," इमोजीन म्हणाली. खरं तर तो आत फोन घेऊन बसला होता.

"पडू द्या, पडू द्या. तुमच्याशीच बोलायचं होतं, सिस्टर ग्रिसम." डीकननी टोपी गुडघ्यावर ठेवली. "रविवारी पास्टरांच्या सेवेचा वार्षिक दिवस. दरवर्षी दुपारचा उपदेश तेच करतात. आम्ही मंडळी विचार करत होतो, लिटल रॉकहून एक तरुण उपदेशक बोलवावा. चांगला गातो."

"चांगला गातो."

"म्हणजे… तसा. पास्टरांच्या जवळपासही नाही. पण रेव्हरंडांना ताण नको, म्हणून म्हणतोय."

"आणि रविवारनंतर?"

डीकननी टोपी फिरवली. "लोकांचं प्रेम आहे त्यांच्यावर. त्यांनी नुसतं उभं राहून श्वास घेतला तरी आम्ही आमेन म्हणू. पण चर्च चालवायचं म्हणजे कोणीतरी बोलायला हवं ना? बुधवारपर्यंत हो-नाही कळलं तर बरं. त्यांनी मनावर घेऊ नये."

"मग केक कशाला आणलात?"

"मिसेसने दिला," डीकन म्हणाले, आणि पहिल्यांदाच ओशाळले.

ते गेल्यावर तिने दारातून लिटल रॉकच्या उपदेशकाचं सांगितलं. ओथेलने ऐकून घेतलं. मग कुजबुजला, "बघतो." आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून पुन्हा ती घरघर आली. इमोजीनने केकचा एक तुकडा उभ्यानेच खाल्ला, मग दुसरा. तिला वाटत होतं, हा माणूस निरोप घ्यायला निघालाय, आणि निरोप माझा सोडून भलत्याच कोणाचा घेतोय.

दुसऱ्या दिवशी ती केस करायला ॲडलीनच्या पार्लरमध्ये गेली. ॲडलीन तिची लहानपणापासूनची मैत्रीण, चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवणारी. इमोजीनने तिला सगळं सांगितलं. ॲडलीनने कंगवा थांबवला.

"दाराआड हसतो म्हणतेस?"

"रोज."

"बाई असेल."

"बहात्तर वर्षांचा आहे तो, ॲडलीन. त्याला गुडघ्यावर शेक कुठला द्यायचा ते विचारावं लागतं."

"तिलाच विचारत असेल." ॲडलीन आरशातून हसली. "बरं, बाई नसेल. मग विचार त्या तुझ्या फोनला. सगळं जग त्यालाच विचारतंय. काल माझ्या इथे एकीने नवऱ्याला सोडू का म्हणून विचारलं, आणि लगेच त्याच्या जेवणासाठी मीटलोफची कृती विचारली. म्हणजे काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळलं."

इमोजीनने फोन काढला, तोंडाजवळ धरला, आणि डॉक्टरशी बोलावं तशी सावकाश बोलली. "माझा नवरा धर्मोपदेशक आहे. त्याचा आवाज गेलाय. माझ्याशी बोलत नाही आणि दार लावून हसतो. रविवारी तो उभा राहिला नाही तर पुन्हा कधीच राहणार नाही असं वाटतं. काय करू?"

उत्तर आलं. ॲडलीनने मोठ्याने वाचलं. हे तुमच्यासाठी किती अवघड असेल. यातून तुमचं त्यांच्यावरचं प्रेम दिसतं. आवाज हा त्यांच्या ओळखीचा भाग होता, तेव्हा ते दुःखात असू शकतात. दोष न देता, सरळ आणि मायेने विचारून पाहा: 'तू कशाला हसत होतास? मलाही हसायचंय.'

ॲडलीनने फोन परत दिला.

"हे तर आपल्या सगळ्या डीकनांपेक्षा गोड बोलतं," ॲडलीन म्हणाली. "पण हे तर मीही फुकट सांगितलं असतं."

"तू बाई असेल म्हणालीस."

"तेही फुकटच."

घरी जाताना इमोजीनची गाडी दोनदा चुकीच्या वळणाला वळली. सरळ विचारायचं. एवढंसं वाक्य. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढंसं वाक्य यंत्राने शिकवावं याची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती उत्तराची.

तिने टकटक केली नाही. आत गेली, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली.

"ओथेल, तू कशाला हसत होतास? मलाही हसायचंय."

चोरून मिठाई खाताना सापडलेल्या मुलासारखा त्याने फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.

बाई नव्हती. निरोपाचं पत्रही नव्हतं. उपदेश होता. ओळीओळीने टाइप केलेला, योनाचा: देवाने निनवेला जा म्हटलं आणि जो उलट्या दिशेने पळाला, आणि ज्याला समुद्रात मोठ्या माशाने गिळलं, त्या योनाचा. आणि प्रत्येक ओळीखाली उत्तर होतं. सगळ्यात वर ओथेलने यंत्राला लिहिलं होतं: तू माझ्या आमेनच्या कोपऱ्यात बस. मी ओळ टाकीन, तू झील धर. काही झालं तरी सोडू नको.

ती वाचत गेली.

'योना जहाजाच्या तळाशी जाऊन झोपला.'

'सांगा, पास्टर. आम्हालाही ठाऊक आहे ती झोप.'

'वर वादळ, खाली हा घोरतोय.'

'तसंच आहे. आम्ही वादळात घोरलोय, पास्टर. उठवा आम्हाला.'

"हे चांगलं म्हणतं की," इमोजीन म्हणाली.

ओथेलने खाली सरकव अशी खूण केली.

'आणि योनाने मासा गिळला.'

'आमेन. काय तो विश्वास. सावकाश, पास्टर, घाई नाही.'

तिने चष्मा नीट केला. पुन्हा वाचलं. ओथेलचे खांदे हलायला लागले होते.

'मासा जरा खारट होता.'

'हालेलुया. चव देणारा तोच.'

'अंडी, लोणी, भांडी पुसायचे कागद.'

'पुरवणारा तोच. आमेन, पास्टर, आमेन.'

इमोजीनच्या तोंडून हसू आधी नाकातून निघालं, मग पोटातून. चॅटबॉट भाबडा तो भाबडाच, सांगितलेलं काम इमानाने करत होता. पुढे पुढे ओथेलने रोज तीच खोडी काढली होती. योना गिळतोय, मासा गिळला जातोय, आणि खाली आमेनवर आमेन. घरघरत, खोकत, तोही हसत होता, तिच्यासमोर, तिच्याबरोबर; आणि हसता हसता ती रडायला कधी लागली ते तिला कळलं नाही. तिने पर्समधून रुमाल काढला.

"मग रविवारी हे सांग," ती म्हणाली. "मासा सोडून."

त्याचं हसणं विरलं.

"यंत्राला माझा आवाज ऐकू येत नाही, जीन," तो कुजबुजला. प्रत्येक शब्द ओढून आणावा लागत होता. "म्हणून बरं वाटतं."

"लोकांना ऐकू दे. त्यांना काय नवीन आहे?"

"लोक आमेन म्हणतील. काहीही बोललो तरी. माया म्हणून." त्याने फोनकडे बोट दाखवलं. "ह्याच्यासारखे. मग मला कळणार कसं? मी देवाचं बोलतोय, की नुसता म्हातारा खरखरतोय?"

डीकन टॉलिव्हरांचं वाक्य तिला आठवलं, नुसता श्वास घेतला तरी आम्ही आमेन म्हणू. तिने ते त्याला सांगितलं नाही.

"आधी कसं कळायचं?"

"तुझा पंखा," तो म्हणाला.

"काय पंखा?"

"भलतंच बोललो, वाहवत गेलो, की तुझा पंखा थांबायचा. मी तिथून बघायचो."

तिला हे माहीत नव्हतं. पंखा थांबतो हेच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण आमेन म्हणत नाही म्हणून लोक नावं ठेवतात, आणि हा माणूस तिथे वर उभा राहून आपला हात बघत होता. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि रागही आला.

"मग जे काय कळवायचं ते डीकनांना तूच कळव," ती उठत म्हणाली. "मी निरोप पोचवणार नाही. पंखा मात्र घेऊन येईन."

बुधवारी दुपारी डीकन टॉलिव्हरांचा फोन आला. रेव्हरंडांनी संदेश पाठवला होता: बोलेन. थोडं.

आता तिला आणखीनच झोप येईना. तो नाही म्हणेल ही एक काळजी होती, हो म्हणाला त्याच्या दहा झाल्या. गळा मध्येच बंद पडला तर? लोकांनी कीव केली तर? लिटल रॉकचा तो तरुण पाहुणा म्हणून पहिल्या बाकावर बसणार होता, गरज पडली तर उठायला. शनिवारी तिने दोन टोप्या काढल्या, दोन्ही नको म्हणाली, तिसरी काढली आणि पहिलीच घातली. ओथेल दिवसभर गरम पाणी आणि मध घेत, गप्प बसला. यंत्राशीही बोलला नाही.

रविवारी दुपारी चर्च भरलं होतं. बाहेरच्या दालनातून तळलेल्या कोंबडीचा वास येत होता. ॲडलीनने पांढऱ्या हातमोज्याने इमोजीनला दुसऱ्या बाकावर बसवलं आणि कानात म्हणाली, "श्वास घे, बाई. तुझा घे, त्याचा तो घेईल."

ओथेल उभा राहिला तेव्हा सगळं चर्च उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. त्याने हाताने बसा म्हटलं. माइक तोंडाशी ओढला, आणि मग इमोजीनने असं काही पाहिलं जे कधी पाहिलं नव्हतं: त्याने खिशातून फोन काढून समोर ठेवला. आयुष्यभर तो कागदाशिवाय बोलला होता. आता श्वास वाया घालवायला नको, शब्द शोधायला नकोत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं. पण वाचायचं म्हणजे मान खाली घालायची. मान खाली असली की दुसरा बाक दिसत नाही.

"योनाला," तो म्हणाला. माइकमधून वाळूवरून पोतं ओढावं तसा आवाज आला.

"सांगा, पास्टर," टॉलिव्हर म्हणाले. अजून सांगितलं काहीच नव्हतं.

"देव म्हणाला, ऊठ."

"आमेन." "आमेन, सर." "सावकाश, पास्टर." सगळा डावा कोपरा पुढे सरकून बसला होता. मायेने डोळे भरले होते बिचाऱ्यांचे. स्वल्पविरामालाही आमेन पडत होता. क्विन्सीने ऑर्गनवर हळूच हात ठेवला, बोट कापल्यासारखा जपून.

इमोजीन पंखा हलवत होती. तो चांगलं बोलत होता. जहाजाच्या तळाशी झोपलेला योना, आणि वरती ओरडणारं वादळ. पण आमेन इतके दाट पडत होते की त्याचं वाक्य त्यात बुडत होतं, आणि तो डोकं न उचलता, श्वास ओढत, पुढचं पुढचं वाचत होता. काठ न दिसणाऱ्या पाण्यात माणूस हात मारतो तसा.

"खलाशांनी त्याला उचलला."

"उचलला."

"समुद्रात टाकला."

"टाकला, पास्टर."

"आणि योनाने," ओथेलने श्वास घेतला, "तो मोठा मासा गिळला."

"आमेन!" टॉलिव्हर गरजले.

"आमेन," कोपरा म्हणाला. क्विन्सीने दोन पट्ट्या वाजवल्या. मागे कोणी म्हातारी "येशू" म्हणाली.

इमोजीनचा पंखा थांबला.

ओथेलने मान वर केली नाही. पण तो थांबला होता. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. बोट पडद्यावर वरखाली फिरत होतं, आणि घशातून नुसता वारा येत होता. "सावकाश, पास्टर," कोपरा म्हणाला. "तसंच आहे." पहिल्या बाकावरच्या तरुणाने जाकिटाचं बटण लावलं.

फर्स्ट लेडीने चर्चमध्ये पास्टरांना टोकायचं नसतं. तिच्या आधीच्या फर्स्ट लेडीने टोकलं नव्हतं, तिच्याही आधीच्या बाईने नव्हतं. इमोजीनने पंखा जोरात फडफडवला, पुन्हा थांबवला. त्याने पाहिलं नाही. देवा, ती मनात म्हणाली, हा माझा नवरा आहे, आणि ही माणसं त्याला मायेने बुडवतायत.

"नाही," ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही म्हणाली, पण तिच्या तोंडचा शब्द इतका दुर्मीळ होता की सगळ्यांना ऐकू गेला. ऑर्गन थांबला.

ओथेलने मान वर केली.

"उलट झालं ते, रेव्हरंड," इमोजीन म्हणाली. कान तापले होते तिचे. "माशाने योनाला गिळलं. तुम्ही त्या गरीब माणसाला अख्खा मासा चारलात."

एवढी शांतता झाली की बाहेर कोंबडीचं तेल चुरचुरताना ऐकू आलं. मग दाराशी उभ्या ॲडलीनने हातमोजा तोंडावर दाबला, पण उशीर झाला होता. तिचं हसू निसटलं, आणि तिच्यामागून सगळ्या चर्चचं.

ओथेल इमोजीनकडे बघत होता. मग त्याने हळूच मान डावीकडे वळवली.

"डीकन टॉलिव्हर," तो माइकमध्ये कुजबुजला. "तुम्ही काय म्हणालात?"

"आमेन म्हणालो, पास्टर," डीकन म्हणाले. "ऐकलं नव्हतं, पण म्हणालो."

"माझ्या घरी एक यंत्र आहे," ओथेल म्हणाला. "तेही हेच म्हणतं. त्याला रताळ्याचा केक मात्र करता येत नाही."

टॉलिव्हर स्वतःच गुडघ्यावर थाप मारून हसले. हसणं ओसरलं तसा ओथेलने फोन खिशात टाकला. दोन्ही हातांनी व्यासपीठ धरलं आणि दुसऱ्या बाकाकडे बघत, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलायला लागला. माशाच्या पोटात अंधार होता, तो म्हणाला. तिथून योनाने हाक मारली. पोटातून मारलेली हाक किती मोठी असणार? घशात पाणी, अंगावर शेवाळ. त्याला स्वतःला तरी ऐकू आली असेल का?

कोपरा गप्प होता. पहिल्यांदाच ऐकत होता.

जिथे नेहमी गाणं सुरू व्हायचं ती जागा आली. इमोजीनला ती पाठ होती. क्विन्सीलाही, त्याचे हात वर उचललेले होते. ओथेलने तोंड उघडलं. सूर आला नाही. श्वास आला, लांब, खरखरीत, आणि त्यामागून दोन शब्द. "ऐकली देवाने."

बोलून तो तसाच उभा राहिला. कोणी घाई केली नाही. मग टॉलिव्हर, इतक्या वेळात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाले, "ऐकली." आणि क्विन्सीने एकच पट्टी दाबून धरली.

इमोजीनचा पंखा हलत होता.

जेवणाच्या वेळी लिटल रॉकच्या तरुणाने ओथेलचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काही न बोलता सोडला. डीकन ताट घेऊन आले, घसा खाकरला, म्हणाले, "पुढच्या रविवारचं, पास्टर…"

"बोलेन," ओथेल म्हणाला. "थोडं. आणि हर्शेल, चूक सापडली तर गप्प नाही बसायचं."

"सिस्टर ग्रिसम बघतील ते."

"नाही," इमोजीन म्हणाली. "मी एकटी किती बघू?"

गाडी तीच चालवत होती. रेल्वेच्या फाटकापाशी मालगाडी जात होती, डब्यामागून डबा, संपेना.

"चांगली युक्ती केलीस," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटलं खरंच चुकलास. मलाही."

ओथेल समोर बघत होता.

"खरंच चुकलो," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं.

"रोज त्या यंत्राला फसवायला तेच लिहायचो. तेच फोनमध्ये राहून गेलं. तेच वाचलं." त्याने श्वास घेतला. "काहीतरी चुकलंय हे कळत होतं, जीन. काय ते सापडेना. आणि सगळे आमेन म्हणत होते. फार घाबरलो."

तिने स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याच्या हातावर ठेवला. मालगाडी जात राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा हेच, तिला वाटलं. पुन्हा टोपी, पुन्हा पंखा, पुन्हा हा धडधडणारा जीव. आवाज काही परत यायचा नव्हता. तरी दुपारपासून पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

ओथेलने फोन काढला आणि काहीतरी टाइप करू लागला.

"आता काय लिहितोस त्याला?"

"सांगतोय," तो म्हणाला. "इथून पुढे प्रत्येक गोष्टीला आमेन म्हणायचं नाही. चुकलं तर चुकलं म्हणायचं."

"काय म्हणतंय?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

'आमेन, पास्टर.'

फाटक उघडलं. मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तरी इमोजीनला हसू आवरून गाडी पुढे काढता येईना.